मागं शेपट्या हाय

बीड जिल्ह्यात पाच दिवस फिरून आले असं सांगितलं की आमच्या पुण्याच्या सोसायटीतल्या बायका हमखास विचारतात, "तिथं बघायला काय आहे हो?" पूर्वी मी ओशाळून काहीतरी पुटपुटायची. या खेपेला ठणकावून सांगितलं, की बाई, मी नावं ऐकायला गेले होते. कागदावरची नव्हेत, गावानं ठेवलेली.

मी शाळेत ग्रंथपाल होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. टोपणनावं आणि बोलीतले शब्द वहीत उतरवायचा मला जुना नाद. माहेर कड्याजवळच्या एका वस्तीवर, आष्टी तालुक्यात, त्यामुळे मालाला तोटा नाही. आमच्या शेजारी 'थ्री फेज नाना' राहतात. शेतीची वीज तिकडं ठरलेल्या तासांनाच येते. नाना स्वतःच्या लग्नात नवरीला घास भरवायला बसले होते, तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "थ्री फेज आली!" आणि हा नवरदेव बाशिंगासकट मोटर चालू करायला विहिरीवर पळाला. आता त्यांना नातवंडं झाली, तरी 'थ्री फेज नाना' म्हटल्याशिवाय पोस्टमनला घर सापडत नाही. पुण्यात मी एकतीस वर्षं राहते आणि वॉचमनच्या लेखी मी 'बी-तीनशे चार'. तर मी कुणाचं कौतुक करावं, तुम्हीच सांगा.

एवढं असून स्वतःच्या घराण्याचं नाव मात्र मी कधी वहीत लिहिलं नव्हतं. गावात निम्म्या घरांचं आडनाव एकच, म्हणून प्रत्येक घराला एक जास्तीचं नाव. आम्ही 'शेपटे'. शाळेत पोरं मागून वेणी ओढायची आणि कुत्र्यासारखी भुंकायची. लग्न होऊन पुण्याला आले तेव्हा पहिलं काय केलं असेल, तर ते नाव गिळून टाकलं. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही. आजीला लहानपणी विचारलं होतं, की हे असलं नाव आपल्याला का? ती हसून म्हणाली, "शेपूट नसलं तर माशा कोन हाकलंल?" झालं, विषय संपला.

मग एका मंगळवारी धाकट्या भावाचा, बाळूचा फोन आला. त्याची अश्विनी फौजदाराची परीक्षा पास झाली होती. वस्तीवरची पहिलीच. सोमवारी सत्कार, मिरवणूक, जेवणावळ. मला वाटलं निमंत्रण आहे. पण बाळूचा आवाज रडवेला.

"आक्का, पोरांनी फ्लेक्सवर 'शेपट्यांची अश्विनी' टाकायचं ठरवलंय. गावात पाच अश्विन्या हायत, दुसरं काय टाकणार? आन् ही म्हंती, ते नाव असंल तर मी सत्काराला येणारच न्हाई. नाव काढा म्हनलं तर गाव म्हंतंय, पोरगी साहेब झाली, लगेच गावाची लाज वाटायला लागली. मी मधल्या मधी मेलो."

"मग मी काय करू?"

"तुला नावांचा नाद हाय ना? आपलं नाव कुटून आलं ते एकदा हुडकून आन. चांगलं निघालं तर तिला सांगू. वाईट निघालं तर आपुन दोघंच पुरून टाकू." फ्लेक्स रविवारी संध्याकाळी छपाईला जाणार होता.

कडा, गुरुवार

नगरवरून एसटीनं कड्याला उतरले. साखर कारखान्याच्या वळणावर बाळू मोटरसायकल घेऊन उभा होता. घरी येसर आमटी आणि बाजरीची भाकरी. येसर म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याचं पीठ, लग्नाकार्यात त्याची पातळ झणझणीत आमटी होते. पुण्यात मी ती करून बघितली आहे, शेजारणीनं विचारलं, "सांबार आहे का?" त्या दिवसापासून तिला वाढायची बंद केली.

अश्विनी समोर बसली होती. सव्वीस वर्षांची, केस कापलेले. वेणी तिनं दहावीतच का कापली होती, हे मला तेव्हा कळलं.

"आत्या, तू उगं दमू नकोस," ती म्हणाली. "नाव कसं पडलं ते सगळ्यांना माहितीय. आपल्या पणज्याची बैलं मरतुकडी होती. ऊसतोडीला गाड्या निघाल्या की ह्यांची गाडी सगळ्यात मागं, शेपटाला. गावात लहान पोरगंबी सांगंल. मी ग्राउंडला सगळ्यांच्या पुढं पळाले ते काय फ्लेक्सवर 'मागची' म्हणून लागायला?"

तिचा पणजा म्हणजे माझा आजा. मी त्याला पाहिलेलं नाही, तो लवकर गेला. ही मरतुकड्या बैलांची गोष्ट मीही ऐकली होती, आणि म्हणूनच कधी खोलात शिरले नव्हते.

एक धागा मात्र होता. आजीचं माहेर चकलांबा, गेवराई तालुक्यात. आजा गावच्या टोळीबरोबर न जाता सासुरवाडीच्या टोळीबरोबर ऊसतोडीला जायचा. म्हणजे नाव जर गाड्यांच्या रांगेत पडलं असेल, तर ते चकलांब्याच्या लोकांनी ठेवलं. आमच्या गावानं नुसतं ऐकलं.

चकलांबा, शुक्रवार

बीडला गाडी बदलून गेवराईला, आणि तिथून काळीपिवळी. कोल्हापूर-साताऱ्याकडं जिला वडाप म्हणतात ती इकडं काळीपिवळी, रंग पांढरा असला तरी. नऊ जणांच्या जागेत आम्ही चौदा. माझ्या मांडीवर एका अनोळखी बाईची मेथी. पुढं एका फाट्यावर एक म्हातारी पिशव्या सांभाळत धावत येऊ लागली, तशी ड्रायव्हरनं खिडकीतून हाक दिली.

"पळू नका मावशी! घाई कावून करता? मागं शेपट्या हाय!"

चौदा माणसांत याला माझं नाव कसं कळलं? मी जरा तावातच विचारलं, "काय म्हणालात तुम्ही?"

"कुटं काय?" तो बिचारा दचकला. "मागून अजून एक गाडी हाय म्हनलं. असंच म्हंत्यात आमच्याकडं."

"का म्हणतात?"

"आता काय सांगू? आजा म्हनायचा, बाप म्हंतो, म्हून मी म्हंतो." आणि त्यानं गिअर टाकला.

चकलांब्याच्या चौकात चहाच्या टपरीवर चौकशी केली. तिथं चार-पाच माणसं बसली होती. नुकतंच लग्न झालेलं एक जोडपं पुढून गेलं तशी टपरीवाला म्हणाला, "ह्यो आमचा नवा कोयता." ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. तो तोडतो, ती मोळ्या बांधते, दोघं मिळून एक. एकटं माणूस आलं तर तो 'अर्धा कोयता'. हंगाम संपला की 'पट्टा पडला'. आता तर सभा संपली, पंगत संपली, पाहुणे गेले, सगळ्यालाच पट्टा पडतो. मी भराभर लिहून घेत होते. तेवढ्यात एक मिशीवाला म्हणाला, "शेपट्या? हां, ऐकलंय. आष्टीकडचा एक जावई होता टोळीत. लई मरतुकडी बैलं त्याची. समदे पोचायचे आन् ह्यो मागून दोन तासांनी."

सगळे हसले. मीही दात दाखवले आणि अर्धा चहा तसाच ठेवला. पाच तास हाडं खिळखिळी करून घेऊन मी तेच उत्तर घेऊन आले होते जे अश्विनीनं घरी बसून दिलं होतं. पिशवी उचलली. बाळूला काय सांगायचं, ते मनात जुळवत निघाले.

"कोन म्हंतं मरतुकडी?"

टपरीच्या मागच्या ओट्यावर एक म्हातारा पाय सोडून बसला होता. डोक्याला मळका पटका, हातात काठी. तो भिवा आबा. वय विचारलं तर "आंशीच्या पल्याड" एवढंच. तरुणपणी तो त्याच टोळीत होता.

"कोन म्हनलं बे? तू?" त्यानं काठी मिशीवाल्याकडं वळवली. "तू बैल कदी हाकलाय? ट्रॅक्टरवर जल्मला तू! शेपट्याची कोशी खिलार जोडी चार गावांत न्हवती. सुटली म्हंजी वारं!"

मी खाली बसलेच. "मग आबा, गाडी मागं का?"

आबा माझ्याकडं बघत राहिला. मी कोण ते सांगितलं, तसा त्याचा आवाज एकदम खाली आला. "शेपट्याची नात तू? आमच्या गावच्या लेकीची नात. आगं मग च्या काय पितीस, घरी चल."

घरी त्याच्या सुनेनं हुलग्याच्या शेंगोळ्या केल्या. आबानं विचारलं, "मालक काय करत्यात?" म्हटलं, "नाहीत. आठ वर्षं झाली."

"म्हंजी अर्धा कोयता," तो म्हणाला, अगदी साधेपणानं. पुण्यात असं कुणी म्हणालं असतं तर मी उठून गेले असते. इथं डोळे भरून आले. आठ वर्षांत इतकं नेमकं मला कुणी बोललं नव्हतं.

मग त्यानं सांगितलं ते असं. दिवाळी झाली की वीस-बावीस गाड्यांची रांग निघायची, कारखान्यापर्यंत आठ-आठ दिवसांची वाट. पुढं टोळीचा म्होरक्या, म्हणजे मुकादम. आणि सगळ्यांच्या मागं एक गाडी ठरवलेली असायची. त्याला म्हणायचे 'शेपूट धरणं'. कुणाचं चाक मोडलं, बैल बसला, पोर आजारी पडलं, तर रांग थांबायची नाही. रांग थांबली की पाण्याचा मुक्काम चुकायचा. थांबायचं ते फक्त शेपटानं. अडलेल्याला उभं करायचं आणि मग दोघांनी मिळून रांग गाठायची.

"आता तूच सांग," आबा म्हणाला, "दोन-दोन तास थांबून पुन्ना रांग गाठायची, तर बैल कसं लागतील? मरतुकडी?"

मी वही मांडीवर घेतली.

"टोळीतली सगळ्यात दमाची जोडी मागं लावायची आसती, बाई. पुढं कुनीबी चालतंय. पर शेपूट धरायला कुनी राजी न्हसायचं. समद्यांची धूळ खायची, शेवटी पोचायचं, कोपीला जागा उरंल तसली. कोपी म्हंजी पाचटाची झोपडी. तुजा आजा जावई मानूस, त्याला कोन सांगनार? त्यानं आपनहून मागितलं. आठ हंगाम धरलं. तवापास्न आमच्यात म्हन पडली, पुढं मुकादम, मागं शेपट्या, मधी आपुन निजलं तरी चालतंय."

मला काळीपिवळीचा ड्रायव्हर आठवला. त्या पोराला ठाऊक नाही, पण तो माझ्या आज्याचं नाव घेऊन एका म्हातारीला धीर देत होता. छाती अशी भरून आली की सुनेनं विचारलं, "तिखट लागलं का आत्या?"

मी सगळं वहीत लिहिलं आणि म्हटलं, आता उद्या घरी. आबानं मान हलवली. "माज्या तोंडचं ऐकून तुजी पोरगी म्हनंल, म्हातारा गावची लेक म्हून गोड बोलतोय. तू धर्मापुरीला जा. तितं आमच्या गावची लेक वाटाबाई दिलीय. तिला तिचं नाव कसं पडलं ते इचार."

धर्मापुरी, शनिवार

माजलगाव, परळी करत धर्मापुरी गाठायला दुपार टळली. परळीत गाडीत पर्स विसरले, ती कंडक्टरनं खिडकीतून हातात दिली आणि वर मलाच झापलं, "मॅडम, दिमाग कुटं हाय?" गावातलं देऊळ फार जुनं आहे, बाहेरच्या भिंतीवर दगडी बायका उभ्या आहेत. एक तर चक्क पत्र लिहिते आहे. एरवी मी तिथं तासभर रेंगाळले असते. त्या दिवशी नमस्कार करून सरळ बाहेर आले, कारण जिच्यासाठी आले होते ती देवळाच्या वाटेवरच बेल-फुलं विकत बसली होती.

वाटाबाई साठीच्या पुढची, ठसठशीत कुंकू, हात सारखे पानं निवडणारे. मी भिवा आबाचं नाव सांगितलं, मग माझं. तिनं बेलाची पाटी बाजूला सारली, उठली, आणि रस्त्यावर सगळ्यांदेखत माझ्या पाया पडायला वाकली. मी मागं सरले. "मावशी, हे काय, तुम्ही मोठ्या आहात!"

"तुज्या न्हाई गं, तुज्या आजीच्या पडती," ती म्हणाली. "तिच्या पडायचं ऱ्हायलंय."

ती वाटेवर जन्मली म्हणून वाटाबाई. तिच्या आईला दिवस भरायला महिना बाकी होता, पण गाडीच्या धक्क्यांनी भर दुपारी कळा सुरू झाल्या. रांग पुढं गेली. शेपटाची गाडी थांबली. माझ्या आजीनं बोचक्यातलं दुसरं लुगडं सोडून दोन चाकांना आडोसा बांधला, दगडांत काटक्या पेटवून कोयता तापवला आणि त्यानं नाळ कापली. आजा पाठ करून बैलांची वेसण धरून उभा. पोर रडेना, तशी आजीनं तिच्या तोंडावर चूळ सोडली. तेव्हा रडली.

"आई म्हनायची, शेपट्या न्हसता तर तू आन् मी दोगीबी त्या सडकंच्या कडंला दगडाखाली असतो," वाटाबाई म्हणाली. "मग मला आन् आईला गाडीत घेतलं आन् बैलांना नुसतं 'हूं' केलं. दिवस मावळायला रांग गाठली. आमची गाडी बाप हाकत होता, ती मागून लई येळानं आली. मरतुकडी होती ती आमची बैलं बाई. लोकांनी आमची बैलं तुमच्या नावावर लावली."

मी तिच्यासमोर फोन धरला. "हेच आमच्या अश्विनीला सांगाल?"

तिनं मला हातानं गप्प केलं आणि पदर नीट करून फोनमध्ये तोंड घातलं. एवढी फुलं विकून आवाज भारी झालेला, तो एकदम बारीक झाला. "अश्विनीसाहेब, मी वाटाबाई, धर्मापुरी. तुज्या पंजीनं मला हातात झेललंय. आमच्या घरी देवाच्या आधी शेपट्याचं नाव घेत्यात. आता तुला टाकायचं तर टाक, काढायचं तर काढ. आमी घेतच ऱ्हानार."

त्या संध्याकाळी तिनं मला जाऊ दिलं नाही. धपाटे, दही आणि वर शेंगदाण्याची चटणी. चौथा धपाटा नको म्हटल्यावर म्हणाली, "शेपट्याची नात आन् मागं हटती?" तर खाल्ला.

पुन्हा कडा, रविवार

दिवसभराचा प्रवास करून संध्याकाळी पोचले. फोनमधला आवाज सगळ्यांसमोर लावला. मग भिवा आबाचं सांगणं वहीतून वाचलं. बाळू भिंतीकडं तोंड करून बसला होता. अश्विनीनं वाटाबाईचा आवाज दोनदा ऐकला.

"कोशी जोडी?" तिनं विचारलं. "चार गावांत नव्हती?"

"नव्हती."

"आणि आपणहून मागितलं?"

"आपणहून."

"मग आपल्यातल्या एकानं तरी कधी जाऊन विचारायचं होतं की गं आत्या," ती म्हणाली. राग होता तो, आणि खरा होता. "मी वेणी कापली. वडलांनी आयुष्यभर मान खाली घातली. तू पुण्याला जाऊन बसलीस. एसटीनं एक दिवसाचा तर रस्ता."

मी म्हटलं, "चुकलंच." दुसरं काय म्हणणार होते?

तेवढ्यात फ्लेक्सवाली पोरं अंगणात आलीच. मजकूर मोबाईलवर दाखवू लागली. वर सोनेरी अक्षरांत 'बीडची ढाण्या वाघीण', खाली गर्जना करणारी खरी वाघीण, आणि नावाच्या जागी नुसतं कागदावरचं आडनाव. बाळूनं गुपचूप तसं सांगून टाकलं होतं.

अश्विनीनं मोबाईल हातात घेतला. "ही वाघीण काढा," ती म्हणाली. "शेपटे टाका. वाघिणीच्या जागेत मावतंय तेवढ्या मोठ्या अक्षरात."

"ताई, नक्की? नंतर आमाला बोलायचं न्हाई."

"लिही. अश्विनी बाळासाहेब शेपटे. आणि खाली बारीक अक्षरात, ऊसतोड टोळीत आठ हंगाम शेपूट धरणाऱ्या शेपट्याची पणती."

पोरांनी एकमेकांकडं बघितलं. शेपूट धरणं म्हणजे काय, त्यांना कुठलं माहीत. ती त्यांना तिथंच, अंगणात उभ्यानं, पहिल्यापासून सांगायला लागली. माझ्यापेक्षा चांगलं सांगत होती. बैल तर तिनं माझ्याहून दुप्पट पळवले.

बाळू माझ्याशेजारी दारात उभा होता. त्याचा फोन वाजला. अनोळखी नंबर, उद्याचा मांडववाला असावा. बावन्न वर्षांच्या आयुष्यात माझ्या भावानं फोनवर कधी ते नाव घेतलं नव्हतं. त्यानं घसा साफ केला.

"हॅलो," तो म्हणाला. "शेपटे बोलतोय."